पग जातीच्या कुत्रीला पुण्याहून अमेरिकेला जहाजाने नेता येईल का?

आपला प्रश्न असा आहे की, न्यू जर्सीला मुलाकडे कायमचे राहायला जाताना घरातल्या पग कुत्रीला जहाजाने नेता येईल का, कारण चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सामानकक्षातून नेण्यास विमान कंपन्या नकार देत आहेत. नोकरीनिमित्त काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिल्यानंतर मी माझ्या कुत्र्यासह साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जहाजाने गेलो होतो. त्या अनुभवावरून सांगतो की, अटलांटिक महासागर कुत्र्यासह जहाजाने ओलांडता येतो, परंतु पुण्याच्या कुत्र्याला त्या जहाजापर्यंत पोहोचवणे हेच अवघड काम आहे.

मुंबईहून ब्रिटनला जाणारी नियमित प्रवासी जहाजे बंद होऊन कित्येक दशके लोटली. आज अटलांटिक नियमितपणे पार करणारे आणि केनेल, म्हणजे कुत्र्यांना ठेवण्याचा खास कक्ष, असलेले एकच मोठे प्रवासी जहाज आहे, ते म्हणजे कुनार्ड कंपनीचे ‘क्वीन मेरी २’. २००४ पासून सेवेत असलेले हे जहाज साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर साधारणपणे ७ रात्रींत कापते. केनेल बाराव्या डेकवर असून २०१६ च्या नूतनीकरणात तेथील जागा वाढवून २४ करण्यात आल्या. हजारो प्रवाशांच्या जहाजावर एवढ्याच जागा असल्यामुळे त्या फार आधी भरतात. म्हणून प्रथम केनेलची जागा मिळते का ते पाहावे आणि आपल्या केबिनचे आरक्षण त्यानंतर करावे, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत उलटा करू नये.

जहाजावर कुत्रे आपल्या केबिनमध्ये राहत नाही, हे अनेकांना तिकीट काढेपर्यंत ठाऊक नसते. दृष्टिहीन व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांसारखे प्रशिक्षित साहाय्यक श्वान सोडले, तर बाकी सर्वांचा मुक्काम केनेलमध्येच असतो. तेथे खाणेपिणे, स्वच्छता आणि फिरवणे यांची जबाबदारी केनेलच्या कर्मचाऱ्यांकडे असते आणि मालकांना ठरलेल्या वेळांत भेटता येते. मोकळ्या डेकवर फिरण्यासाठी राखलेल्या जागेत ब्रिटिश पद्धतीचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कमधल्यासारखा अग्निशमन नळ मुद्दाम उभा केलेला आहे, जेणेकरून दोन्ही देशांच्या कुत्र्यांना पाय वर करण्यासाठी ओळखीचे काहीतरी मिळावे. (भारतीय कुत्र्यासाठी शेजारी एखाद्या स्कूटरचे चाक ठेवावे, असे मला तेव्हा सुचवावेसे वाटले होते.) पश्चिमेकडे जाताना बहुतेक रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतले जाते, त्यामुळे न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत कुत्र्याच्या पोटाची वेळही हळूहळू जुळून येते, विमानप्रवासात ही सोय नाही. मात्र जहाजावर पशुवैद्य नसतो आणि रात्री कुत्रे आपल्याविना, अनोळखी कुत्र्यांच्या शेजारी झोपते. आपली कुत्री आजवर कधीच घराबाहेर एकटी राहिलेली नसेल, तर निघण्यापूर्वी पुण्यातच कुत्र्यांना सांभाळणाऱ्या एखाद्या चांगल्या बोर्डिंगमध्ये तिला काही रात्री ठेवून पाहणे आवश्यक आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, कुत्र्यांच्या प्रवेशाचे नवे नियम लागू केले आहेत. भारत त्यांच्या यादीत रेबीजचा अधिक धोका असलेला देश आहे. जे कुत्रे गेल्या ६ महिन्यांत अशा देशात राहिले आहे आणि ज्याला लस अमेरिकेबाहेर दिलेली आहे, त्याला सीडीसीकडे नोंदणीकृत प्राणी-देखभाल केंद्र असलेल्या ठरावीक विमानतळांवरच, आधी आरक्षण करून, उतरता येते. न्यूयॉर्कचा जेएफके आणि फिलाडेल्फिया हे त्यांत आहेत, परंतु आपल्या मुलाला बहुधा सर्वांत जवळचा असलेला नेवार्क नाही. बंदरावर उतरण्याची मुभा अशा कुत्र्याला मुळीच नाही. याचा अर्थ, पुण्याहून निघून लंडनला थोडे थांबून थेट जहाजावर चढण्याचा बेत न्यूयॉर्कच्या धक्क्यावर फसेल. जहाजाचा मार्ग खुला व्हायचा असेल, तर कुत्रीने आधी ब्रिटनसारख्या कमी धोक्याच्या देशात ६ महिने काढले पाहिजेत, आणि ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा आपल्याला एका वेळी जास्तीत जास्त ६ महिनेच राहू देतो. तेथे कुत्री सांभाळणारे जवळचे कोणी असल्याशिवाय हे गणित बसत नाही. माझे तेथे वास्तव्यच असल्यामुळे मला हा प्रश्न आला नव्हता.

शिवाय ब्रिटनपर्यंत जायलाही विमान लागतेच. ब्रिटनमध्ये हवाईमार्गे येणारे पाळीव कुत्रे केबिनमधून नेता येत नाही, ते मालवाहतुकीतूनच न्यावे लागते, आणि पगसाठी आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे. यावर एक वळसा आहे: काही विमान कंपन्या युरोपात जाताना लहान कुत्र्याला बॅगेसह सुमारे ८ किलोपर्यंत केबिनमध्ये घेतात. तेथून मोटारीने फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधल्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून इंग्लंड गाठता येते. फक्त ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून फीतकृमीचे (टेपवर्म, म्हणजे पोटातल्या जंताचे) औषध दिल्याची नोंद लागते. पग साधारण ६ ते ८ किलोचा असतो, म्हणजे खाऊन सुखावलेली पुणेरी पग या मर्यादेत बसेलच असे नाही.

माझे मत विचाराल, तर आपल्या परिस्थितीत जहाजाचा नाद सोडावा. पगसारख्या जातींचा श्वासमार्ग अरुंद असतो आणि कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवते, त्यामुळे उष्णता आणि घबराट या दोन्ही गोष्टी तिला धोक्याच्या आहेत. जहाजाच्या मार्गात विमान, मोटार, परक्या घरातले ६ महिने आणि शेवटी केनेल, अशी ती घबराट चार वेळा येते. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत, रात्रीच्या विमानाने, पगला केबिनमध्ये घेणारी कंपनी शोधून थेट जेएफकेला जाणे मला अधिक योग्य वाटते. अमेरिकेच्या नियमांनुसार अशा कुत्र्याला ती कंपनी केबिनमध्ये घेईल का, हे मात्र त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावे.

मार्ग कोणताही ठरला तरी कागदपत्रांची सुरुवात आजच करता येईल. प्रथम १५ अंकी आंतरराष्ट्रीय मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चकती), त्यानंतरच रेबीजची लस (चिपआधी दिलेली लस धरली जात नाही), आणि लसीनंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी, जिच्यात रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवे. ब्रिटन आणि युरोपसाठी रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबावे लागते; अमेरिकेसाठी २८ दिवस पुरतात. निघण्याच्या सुमारास मुंबईच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणीकरण कार्यालयाकडून निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागेल. आपल्या पशुवैद्याकडे जाल तेव्हा तिच्या श्वासाची तपासणीही करून घ्या, आणि प्रवासासाठी झोपेचे औषध मागू नका; चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ते विमानात फार धोक्याचे ठरते.