पर्फच्या स्टॅकमधून फंक्शनं गायब होत असतील तर

आधी कोडवर नाही, बिल्डवर संशय घ्या. पर्फ म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते सॅम्पल घेऊन दाखवणारं लिनक्सचं साधन. पर्फ रेकॉर्डला नुसता 'जी' पर्याय दिला की ते फ्रेम पॉइंटरच्या (चालू फंक्शनची स्टॅकवरची जागा दाखवणाऱ्या रजिस्टरच्या) साखळीवरून स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं ती रांग, चढत जातं. जीसीसी कंपायलर मात्र ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीवर तो पॉइंटर सहसा ठेवतच नाही; ते रजिस्टर दुसऱ्या कामाला लागतं, साखळी तुटते आणि भलतेच पत्ते दिसतात. कंपायलरला 'एफ-नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर' लावून सगळं पुन्हा बिल्ड करा, स्वतःच्या लायब्रऱ्यांसकट.

तयार लायब्ररी बदलता येत नसेल तर पर्फ रेकॉर्डच्या कॉल-ग्राफ पर्यायाला 'ड्वार्फ' द्या; मग स्टॅक फ्रेम पॉइंटरऐवजी डीबग माहितीवरून उलगडला जातो. पण त्यात दर सॅम्पलला, वेगळं काही सांगितलं नाही तर, ८१९२ बाइटच स्टॅक उचलला जातो. खोल रिकर्शनमध्ये मेनकडचा भाग कापला जातो. तेव्हा 'ड्वार्फ,१६३८४' करा. फाइल फुगेल, ते सोसावंच लागतं.

तरीही एखादाच कॉलर दिसत नसेल तर टेल कॉलचा (फंक्शनच्या अगदी शेवटचा कॉल, जो कंपायलर नुसत्या उडीत बदलतो) संशय धरा: 'एफ-नो-ऑप्टिमाइझ-सिबलिंग-कॉल्स' लावून पाहा.