नोंदणी दोनदा, ओटीपी रात्रभर

प्रश्न : आमच्या शेतकरी कंपनीच्या वेबसाइटवर कापूस विक्रीसाठी नोंदणी सुरू आहे. एकच शेतकरी दोन-दोनदा नोंदला जाऊन राहिला. मोबाइल नंबर आधीच आहे का, ते कोडमध्ये तपासतो तरी. – दारव्हा

उत्तर : भाऊ, तपासणं आणि नोंदवणं यांच्या मधे फट आहे. रेंज नसली की माणूस बटण पुन्हा दाबतो. दोन्ही विनंत्या सोबतच पोहोचतात, दोघींनाही ‘असा नंबर नाही’ हेच दिसतं आणि दोन्ही नोंदी बसतात. दाबल्यावर बटण बंद करा, पण त्यावर विसंबू नका. मोबाइलच्या रकान्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेण्याचा डेटाबेसचा नियम) लावा. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस असेल तर दुसरी नोंद मग २३५०५ हा एरर देऊन परत येईल. तो कोडमध्ये पकडा. आधीच्या दुहेरी नोंदी बॅकअप घेऊन एकत्र करा, त्याशिवाय कन्स्ट्रेंट लागणारच नाही.

त्याआधी नंबर एकसारखे करा. +९१ लावलेला, आधी शून्य असलेला, देवनागरी अंकांत टाइप केलेला, डेटाबेसला हे सगळे वेगळे. पायथनची अंक ओळखणारी रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायची खूण, \d) देवनागरी अंकही चालवून घेते, जावास्क्रिप्टची घेत नाही. म्हणून जावास्क्रिप्टवरचा फॉर्म एक म्हणतो, पायथनवरचा सर्व्हर दुसरंच.

आणि एका घरात एकच मोबाइल, बाप-लेक दोघंही सभासद, हे तर आपल्याकडे नेहमीचंच. लॉगिनचं खातं आणि सभासद यांचे टेबल वेगळे ठेवा. कन्स्ट्रेंट खात्यावर, सभासदावर नाही.

‘नंबर आधीच नोंदलेला आहे’ हे ओटीपी जुळल्यावरच सांगा. नाहीतर कोणीही नंबर टाकून टाकून तुमची सभासद यादी काढेल.

प्रश्न : रात्रभर अनोळखी नंबरांवर ओटीपी जाऊन राहिले, एसएमएसचा पॅक संपला. पाठवणाऱ्याचा आयपी (नेटवरचा पत्ता) ब्लॉक करू का? – धारणी

उत्तर : ताई, सरसकट नको. मोबाइल नेटवर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. चोरासोबत अख्खं गाव बाहेर राहील. एका नंबरला तासाला किती ओटीपी, याची मर्यादा घाला, आयपीवर सैल मर्यादा, आणि दिवसाच्या एकूण एसएमएसवर कमाल मर्यादा. सहा अंकी ओटीपीच्या शक्यता १० लाख. पाच चुकांनंतर तो रद्द केला तर अंदाजानं काही हाती लागत नाही. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून एक पाहाच: चाचणीसाठी ओटीपी उत्तरातच परत पाठवणारी ओळ कोडमध्ये राहून गेलेली नाही ना?

प्रश्न : पासवर्ड म्हणून मराठीत लांब ओळ ठेवली. शेवटचे शब्द चुकवले तरी लॉगिन होते! – हिंगणघाट

उत्तर : पासवर्डचा हॅश (साठवायचा सांकेतिक ठसा) बनवायला बीक्रिप्ट वापरता ना? ते पहिले ७२ बाइटच वाचतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, काना-मात्रा धरून. म्हणजे २४ चिन्हांतच गाडी थांबली. काही लायब्ररी गुपचूप कापतात, काही एरर देतात. नव्या खात्यांना आर्गॉन२आयडी ही दुसरी हॅश पद्धत लावा. जुन्यांचा हॅश उलटा फिरवता येत नाही, तेव्हा पुढच्या यशस्वी लॉगिनला नव्यानं बनवा.