कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं पिल्लू कसं टिपायचं

नवीन आहात, तर घरटं शोधण्याआधी कान लावा. एप्रिल ते जुलैदरम्यान काळा, लाल डोळ्यांचा नर कोकीळ कावळ्याच्या झाडापाशी ओरडत असेल आणि कावळे त्याच्या मागे लागले असतील, तर त्याच्याकडे बघत बसू नका. दुर्बीण घरट्यावर रोखा. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी तेवढ्यात अंडं घालून पसार होते.

झाडावर चढून अंडी मोजायची हौस मात्र आवरा. कावळे टोचतीलच, शिवाय घरट्याला धोका. समोरच्या गच्चीवरून ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

कोकिळेचं अंडं लहान, १२-१४ दिवसांत फुटणारं. कावळ्याचं १६-१७ दिवस घेतं. सगळा डाव आधी फुटण्याच्या या आघाडीवर. पाठीने अंडी ढकलून देणं ही युरोपातल्या कुकू पक्ष्याची खोड. कोकिळेचं पिल्लू बहुधा तसं करत नाही. त्यामुळे एकाच घरट्यात दोन्ही पिल्लं दिसली तर चक्रावू नका. उडाल्यावर ओळख सोपी: लांब शेपटीचं, कावळ्याहून सडपातळ पिल्लू पंख थरथरवत कावळ्याकडे घास मागतं.

कावळ्यांची घरटी बघणं जमलं की सातभाई या थव्याने फिरणाऱ्या पक्ष्यांकडे वळा. तिथे चातक आणि पावशा हे कोकिळेच्याच कुळातले पक्षी अंडी घालतात, तीही सातभाईंसारखीच निळी.