वाचक विचारतात: चीनच्या प्रवासात पानात नेमकं काय पडतं?

प्रश्न: आम्ही पाचजण छंग्तू (चेंगडू) शहरात गेलो होतो. मोबाइलवर भाषांतर करून "मांस नको" असं प्रत्येक ठिकाणी दाखवलं. तरी वांग्याच्या भाजीत खिमा निघाला, फरसबीतही निघाला. वाढणाऱ्या मुलीला आमचं म्हणणं कळलं नव्हतं की तिने दुर्लक्ष केलं? (पुणे)

उत्तर: दुर्लक्ष बहुधा नसावं. चिनी भाषेत मांसाला 'रौ' म्हणतात. नुसतं 'रौ' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा काप. "मांस नको" ऐकल्यावर स्वयंपाकी तुकडे काढतो. चमचाभर खिमा मात्र त्याच्या हिशेबी मसाल्यात मोडतो, आपण आमटीला फोडणी देतो तसा. सुक्या परतलेल्या फरसबीत तो ठरलेलाच असतो. 'यू-श्यांग' वांग्यात तर गंमत उलटी आहे. नावाचा अर्थ 'माशाचा सुगंध', पण त्यात मासा नसतो. लोणच्यातली मिरची, आलं, लसूण, व्हिनेगर आणि साखर यांच्या त्या वाटणाचं ते नाव आहे. खिमा मात्र बऱ्याचदा असतो. मापो तौफूत, म्हणजे टोफूच्या तिखट भाजीत, छंग्तूच्या जुन्या पद्धतीप्रमाणे गोमांसाचा खिमा घालतात, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

खरी अडचण मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या जिनसांची आहे. डुकराची चरबी म्हणजे 'चू-यौ', कोंबडीच्या अर्काची दाणेदार पावडर म्हणजे 'ची-चिंग', कालवांचा सॉस म्हणजे 'हाव-यौ' आणि हाडं उकळून केलेला रस्सा म्हणजे 'काव-थांग'. साध्या पालेभाजीतही यातलं एखादं असू शकतं. म्हणून "मांस नको" ऐवजी "वो छ्र सू" म्हणा, म्हणजे 'मी शाकाहारी खातो'. 'सू' हा बौद्ध मठांतला जुना शब्द आहे आणि तो खेड्यातही कळतो. त्याचा सूर ठामपणे खाली उतरवायचा. रोमन लिपीतली चिनी स्पेलिंगं वाचताना मराठी माणसाला एक फायदा होतो. तिथला 'बी' आपल्या 'प'जवळचा, 'डी' 'त'जवळचा आणि 'जी' 'क'जवळचा असतो. त्यामुळे 'नको' हे 'बू याव' न म्हणता 'पू याव' म्हटलंत तर लवकर कळतं.

तेवढ्यावर न थांबता हॉटेलच्या काउंटरवरून चिनी लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्या: "आम्ही मांस, मासे, कोळंबी, सोडे, अंडी खात नाही. चू-यौ, ची-चिंग, हाव-यौ, काव-थांग घालू नका. वनस्पती तेल, मीठ, सोया सॉस, व्हिनेगर चालेल." शेवटचं वाक्य गाळू नका. काय चालतं ते न कळल्यामुळेच स्वयंपाकी बरेचदा "नाही जमणार" म्हणतो. अक्षर मोठं हवं आणि चार-पाच प्रती हव्यात, कारण चिठ्ठी आत स्वयंपाकघरात जाते आणि तिथेच राहते. अंडं खात असाल तर तो शब्द खोडा. मग टोमॅटो-अंड्याची भाजी, 'शी-होंग-श्र छाव ची-तान', जवळपास कुठेही मिळेल.

मागवायला सोपे पदार्थ: बटाट्याचे बारीक काप व्हिनेगर-मिरचीत परतलेले 'स्वान-ला थू-तौ-स्स', बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीचं 'ती-सान-श्यान', ठेचलेल्या काकडीचं 'फाय ह्वांग-क्वा'. 'खोंग-शिन-छाय' ही आपली नाळीची भाजीच, लसणावर परतलेली. हाताने फाडलेल्या कोबीच्या भाजीत डुकराच्या चरबीदार मांसाचे काप असतात, तिथे विचारून घ्या. चौघांना तीन-चार भाज्या पुरतात. भात, 'मी-फान', वेगळा सांगावा लागतो. तो बिनमिठाचा असतो आणि 'आधी आणा' असं सांगितलं नाही तर शेवटी येतो. मुलांना आधी हवा असेल तर मागवतानाच सांगा.

प्रश्न: हॉटपॉट (टेबलावरच्या उकळत्या रश्शात आपणच जिन्नस शिजवून खायचे तो प्रकार) खाताना नऊ वर्षांच्या मुलीची जीभ आणि ओठ बधिर झाले. अॅलर्जी समजून आम्ही घाबरलो. हे कशाने होतं? (नाशिक)

उत्तर: 'ह्वा-च्याव' या दाण्यांमुळे. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडतं त्या तिरफळाचीच ही भावकी. दोन्ही एकाच वनस्पतीकुळातली आणि एकाच प्रजातीसमूहातली. त्यातलं सॅन्शूल हे द्रव्य स्पर्शाच्या मज्जातंतूंना चाळवतं. 2013च्या एका प्रयोगात लोकांना ओठांवर सेकंदाला सुमारे 50 कंपनांसारखी झिणझिण जाणवली होती. ती दहा-वीस मिनिटांत ओसरते. पाण्याने फार फरक पडत नाही. कोरडा भात किंवा गोड सोयादूध द्या. ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला तर मात्र ती अॅलर्जी समजा आणि 120 वर रुग्णवाहिका बोलवा.

हॉटपॉटमध्ये लाल रस्सा निवडण्याआधी आणखी एक गोष्ट पाहा. छोंगछिंग शहराच्या पद्धतीच्या लाल रश्शाचा पाया गाईच्या चरबीचा असतो. पांढरा रस्साही बहुतेक वेळा हाडांचाच. दोन कप्प्यांचं भांडं मागितलं तरी शाकाहारी माणसाचा प्रश्न त्याने सुटत नाही. मशरूमचा किंवा टोमॅटोचा रस्सा मागा, आणि त्यातही 'काव-थांग' आहे का ते विचारा. काही ठिकाणी साधं पाणी घालून देतात. त्यात आलं, कांद्याची पात, टोमॅटो टाकून तुम्हीच रस्सा करू शकता. पालेभाजी लाल रश्शात बुडवली की पानांच्या घड्यांत तेल आणि दाणे अडकतात, म्हणून मुलांना सगळ्यात तिखट लागते ती पालेभाजीच. त्यांना बटाटा आणि कमळकाकडीचे काप द्या. रस्सा पुन्हा खळखळल्यापासून तीन-चार मिनिटं पुरतात. वाटीत तिळाचं तेल आणि लसूण घेऊन त्यात घोळवलं की तिखटपणा बराच उतरतो.

प्रश्न: सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांना चीनला न्यावं का? (सांगली)

उत्तर: जरूर न्या. चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-अंड्यांबरोबर लसूण आणि कांद्याच्या जातीही वर्ज्य असतात. शांघायचं कोंगतेलिन हे शाकाहारी उपाहारगृह 1922पासूनचं आहे. तिथल्याच युफो मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात. छंग्तूच्या वन्शू मठातही भोजनगृह आहे. मात्र त्यांना आधी एक समजावून सांगा: तिथे 'कोंबडी', 'बदक' अशा नावांनी जे येतं ते टोफूचे पापुद्रे, मशरूम आणि गव्हाचा चिकट अंश यांपासून घडवलेलं असतं. रंग आणि आकार इतके हुबेहूब असतात की नावाखाली काय आहे हे ठाऊक नसेल तर घास घशाखाली उतरत नाही. कंदमुळं तिथे वर्ज्य नाहीत, त्यामुळे जैन कुटुंबांनी ते वेगळं विचारावं.

प्रश्न: हिरव्या पाटीच्या मुस्लिम खानावळी आपल्याला बऱ्या का? (ठाणे)

उत्तर: डुकराचं मांस आणि चरबी टाळायची असेल तर हो. त्या पाटीवर 'छिंग-चन', म्हणजे 'हलाल', लिहिलेलं असतं. पण लान्चोऊ शहराच्या हातओढ्या नूडल्सचा रस्सा गोमांसाचा असतो. वरचे तुकडे काढायला सांगून रस्सा बदलत नाही.

प्रश्न: बरोबर काय न्यावं? (डोंबिवली)

उत्तर: ताजी फळं, भाज्या, दही, चीज, लोणी, तूप आणि मांस बॅगेत ठेवू नका, सीमाशुल्क तपासणीत काढून घेतात. कोरडं न्या. हॉटेलच्या खोलीत पाण्याची किटली असते, लांबच्या गाड्यांच्या डब्यांत उकळत्या पाण्याचा नळ असतो. नळाचं कच्चं पाणी पिऊ नका, 'खाय-श्वे' म्हणजे उकळलेलं पाणी मागा.

पातळ पोहे कुरकुरीत भाजून त्यात फोडणी, मीठ, साखर, सुकवलेला कढीपत्ता आणि दाणे घाला. एक वाटीला पाऊण वाटी उकळतं पाणी, आठ मिनिटं झाकण. रव्याचा सांजा थर्मासच्या डब्यात होतो: एक वाटी खमंग भाजलेल्या रव्याला दोन वाट्या पाणी, दहा मिनिटं. किटलीतच शिजवू नका. पिठूळपणा फेस होऊन उतू जातो, तळाला धरतो, आणि किटलीचे पैसे भरावे लागतात. तिबेटला जाणार असाल तर पोह्यांवरच भिस्त ठेवा. ल्हासा सुमारे 3,650 मीटरवर आहे, तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं आणि नुसतं पाणी ओतून केलेला सांजा कच्चट राहतो.