फेक्सोफेनाडीन ही अ‍ॅलर्जीची गोळी संत्र्याच्या रसाबरोबर का घेऊ नये? पोटात गेल्यावर सगळं एकच ना?

एकच नाही. गोळी रसाबरोबर घेऊ नका, हा पणजीच्या फार्मासिस्टने तुम्हाला दिलेला सल्ला अगदी योग्य आहे.

गोळी विरघळली म्हणजे औषध रक्तात पोचलं असं होत नाही. आतड्याच्या पेशींवर वाहक प्रथिनं असतात. काही प्रथिनं औषधाला आत घेतात, तर काही आत आलेलं औषध परत आतड्यात ढकलतात. फेक्सोफेनाडीनला आत शिरायला ओएटीपी गटातले वाहक लागतात आणि संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांचा रस नेमके तेच अडवतो. रक्तात पोचणारं औषध एक तृतीयांशाहूनही जास्त घटू शकतं. गोव्याच्या पावसात भिंतींना बुरशी धरते, शिंकांनी जीव नकोसा होतो, तेव्हा ही घट परवडत नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि रस काही तासांनी प्या.

मला जास्त काळजी वाटते ती डिगॉक्सिनची. हृदयाच्या या औषधाला पी-ग्लायकोप्रोटीन हा वाहक बाहेर ढकलत असतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने तो अडला की रक्तातलं डिगॉक्सिन वाढतं: मळमळ, उलट्या, ठोके अनियमित. टीबीवरचं रिफाम्पिसिन उलट हा वाहक वाढवतं आणि डिगॉक्सिन कमी पडतं. घरातल्या वडीलधाऱ्यांची हृदयाची गोळी एका डॉक्टरची आणि अँटिबायोटिक दुसऱ्याचं असेल, तर दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा.

वाहकांचा फायदाही करून घेता येतो. असायक्लोव्हिर हे विषाणूंवरचं औषध तोंडाने घेतलं तर जेमतेम १५-२० टक्के शोषलं जातं. त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून व्हॅलासायक्लोव्हिर केलं, की पेप्ट-१ हा वाहक ते ओढून घेतो आणि प्रमाण ५० टक्क्यांच्या वर जातं.