धरसोड की चाचपणी?

प्रश्न : मी 20 वर्षांची आहे, संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. अॅनिमेशन शिकायला घेतलं, सोडलं. मग कोडिंग, मग जर्मन; तीही अर्धवट. बाबा म्हणतात, ‘ही धरसोड बंद कर, एकदाच काय ते ठरव.’ पण ठरवू कशाच्या जोरावर? रोज युद्धाच्या बातम्या, बिघडत चाललेलं हवामान, दर महिन्याला नवं एआय. आज शिकेन ते उद्या उपयोगी पडेल का, हेच कळत नाही. मैत्रिणींना आपण कोण हे पक्कं ठाऊक आहे. मी मात्र इंटर्नशिपच्या फॉर्मवरचा ‘स्वतःविषयी पाच ओळी’ हा रकाना आठ दिवस कोरा ठेवून बसले आहे. वर्गातल्या एका दृष्टिहीन मित्राला मी पुस्तकं वाचून दाखवते, आलेख शब्दांत सांगते. त्यात तासन्‌तास जातात, त्यावरूनही घरी बोलणी बसतात. मला माझी ओळख कशी सापडेल?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. ते कोणतं, हे थोडं पुढे सांगते. आधी त्या ‘धरसोड’ शब्दाबद्दल बोलू, कारण तो तुला फार लागलेला दिसतो.

‘ओळखीचा पेच’, म्हणजे ‘मी नेमकी कोण’ हे न उमगण्याची अवस्था, ही कल्पना ज्यांनी रूढ केली, त्या मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांचं तरुणपण तू वाचावंस असं आहे. 1902 मध्ये जर्मनीत जन्म. आपले जन्मदाते वडील कोण, हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. लहानपणी सावत्र वडिलांचं आडनाव लावलं. शाळा संपल्यावर विद्यापीठात न जाता चित्रं काढत ते काही वर्षं युरोपभर भटकले. 1927 मध्ये व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला बोलावणं आलं आणि तिथे मनोविश्लेषणाशी, म्हणजे मनात दडलेलं बोलण्यातून उलगडण्याच्या उपचारपद्धतीशी, गाठ पडली. पुढे नाझींमुळे युरोप सोडावा लागला. 1939 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना ‘एरिक्सन’ हे आडनाव त्यांनी स्वतः निवडून घेतलं. पंचविशीपर्यंतचा त्यांचा काळ पाहणाऱ्याला धरसोडच वाटली असती. तारुण्यात माणसाला कायमचा निर्णय न घेता वेगवेगळ्या भूमिका करून पाहायला सवड मिळाली पाहिजे, असं पुढे त्यांनी मांडलं. ते त्यांच्या स्वतःच्या जगण्यातूनही आलं असणार, असं मला वाटतं.

पण ‘मग मी भटकत राहिले तरी चालेल’ असा अर्थ लगेच काढू नकोस. एरिक्सन यांचं काम पुढे नेणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये तरुणांच्या मुलाखती घेऊन दोन गोष्टी तपासल्या. पर्याय खरोखर धुंडाळले का? आणि कशाशी तरी बांधून घेतलं का? काहींनी शोधून मग ठरवलं होतं. काही अजून शोधात होते, अस्वस्थ होते. काही ना शोधत होते, ना ठरवत होते. आणि चौथा गट न शोधताच ठरवून मोकळा झालेला; घरून किंवा आजूबाजूने जे मिळालं, तेच त्यांनी उचललं होतं. तुझ्या मैत्रिणींपैकी काहींनी खरंच शोधून ठरवलं असेल. काही या चौथ्या गटातल्याही असू शकतील. बाहेरून दोघी सारख्याच ठाम दिसतात, म्हणून त्यांच्याशी तुलना करून तुझ्या हाती काही लागणार नाही.

तुला तपासायचं आहे ते वेगळंच : अॅनिमेशन, कोडिंग, जर्मन यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणत्या टप्प्यावर सोडलीस? करून पाहिलं, आपलं नाही असं कळलं आणि सोडलं, तर ती चाचपणी. अवघड जायला लागलं त्याच आठवड्यात सोडलं, तर बाबांचा शब्द बरोबर आहे आणि तो तू ऐकायला हवा. तिन्हींबद्दल एकच उत्तर येईल असंही नाही. वहीत प्रामाणिकपणे लिही, कुणाला दाखवू नकोस.

बाबांच्या बाजूने एवढं सांगते. ‘स्वतःला ओळखा, कामं ओळखा, दोन्हींचा मेळ घालून निवडा’ ही रीत फ्रँक पार्सन्स यांनी घालून दिली. त्यांनी 1908 मध्ये बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं होतं. ती रीत आजही उपयोगी आहे. फक्त निवडलेलं काम पुढची 30 वर्षं तसंच राहील, ही खात्री आता देता येत नाही. ‘एकदाच काय ते’ यातला ‘एकदाच’ गळून पडला आहे. ठरवणं अजूनही लागतंच, पण ते पुन्हा पुन्हा.

आता ते वाक्य. सोडलेल्या तीन गोष्टींबद्दल तू सविस्तर लिहिलंस आणि न सोडलेली गोष्ट तक्रारीच्या ओघात सांगून टाकलीस. बोलणी खाऊनही जे तू करत राहिलीस, ते मित्राला वाचून दाखवणं. त्यातही ‘आलेख शब्दांत सांगते’ हे तीन शब्द मी अधोरेखित करून ठेवले आहेत.

आलेख न पाहणाऱ्याला तो सांगायचा म्हणजे काय करावं लागतं, याचा विचार कर. आधी त्यातलं महत्त्वाचं काय ते ठरवावं लागतं. रेषा कुठे चढते, कुठे अचानक वळते, कोणता ठिपका इतरांपासून लांब पडला आहे, आणि काय सांगितलं नाही तरी चालेल. त्यासाठी संख्याशास्त्र कळावं लागतं, भाषा लागते आणि समोरच्याला कुठे अडलं हे ओळखणारा कान लागतो. जगात हे रीतसर काम आहे. वेबसाइट दृष्टिहीनांनाही वापरता याव्यात यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं 1999 मध्ये पहिल्यांदा आली. चित्रांना आणि आलेखांना शब्दांतला पर्याय हवा, ही त्यातली पहिलीच अट. या क्षेत्राला सुगम्यता म्हणतात. हो, चित्राचं वर्णन आता एआयही लिहितं. पण त्या वर्णनातून वाचणाऱ्याला हवं ते मिळालं का, हे ज्याने अशा माणसाशेजारी बसून तास घालवले आहेत, त्याला चांगलं कळतं.

‘म्हणजे हेच माझं ध्येय!’ असं म्हणून उद्याच नवा कोर्स लावू नकोस. तेही न शोधता ठरवणंच होईल. तीन महिने घे. मित्रासोबतच्या प्रत्येक बैठकीनंतर चार ओळी लिही : कशात गुंगले, कशाचा कंटाळा आला, कुठे समजावता आलं नाही. तुला शिकवणं आवडतंय, आकडे आवडतायत, भाषा आवडतेय, की केवळ या एका मित्रासोबतचा वेळ? उत्तर कोणतंही आलं तरी चांगलंच आहे, पण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

आणि जगाच्या उलथापालथीचं काय? व्हिक्टर फ्रँकल या मनोविकारतज्ज्ञाने तरुणपणी व्हिएन्नात विद्यार्थ्यांसाठी मोफत सल्ला केंद्रं उभारली होती. निकालाच्या दिवसांत तिथे खास लक्ष दिलं जाई. 1942 मध्ये नाझींनी त्यांना छळछावणीत नेलं. ते जिवंत परतले; आई-वडील, भाऊ आणि पत्नी मात्र वाचले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, आयुष्याला ‘तुझा अर्थ काय’ असं आपण विचारत बसायचं नाही. आयुष्यच आपल्याला रोज विचारत असतं आणि उत्तर आपण कामातून, प्रेमातून आणि जे टळत नाही ते सोसण्याच्या रीतीतून द्यायचं असतं. युद्ध थांबवणं तुझ्या हातात नाही, याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण ‘हा आलेख काय सांगतो?’ हा तुझ्या मित्राचा प्रश्न तुलाच विचारलेला आहे.

एक काळजीपोटी विचारते. झोप, भूक, अभ्यास, सगळ्यातूनच मन उडालं आहे आणि त्याला दोन आठवड्यांहून जास्त झाले, असं आहे का? तसं असेल तर करिअरचा विषय बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट. घरी एकाला तरी सांग.

राहिला तो कोरा रकाना. पहिल्या ओळीत लिही, ‘मी वर्गमित्राला आलेख शब्दांत समजावून सांगते.’ दुसऱ्या ओळीत, एखादा आलेख सांगताना तू कुठे चुकलीस आणि त्याने तुला कसं सुधारलं, ते. उरलेल्या तीन ओळी तुझ्या. मित्राचं नाव घालू नकोस, आणि फॉर्म पाठवण्याआधी त्या पाच ओळी त्याला वाचून दाखव.