चेस्टरफिल्डच्या चर्चचं शिखर पिळल्यासारखं का दिसतं? बांधणाऱ्यांची चूक होती का?

मुद्दाम तसं बांधलेलं नाही, हे नक्की. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातलं हे सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्च मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातलं.

शिखर सुमारे २२८ फूट उंच. आतला सांगाडा लाकडी, वरून शिशाचे पत्रे. ते ४५ अंशांत पिळलंय आणि मध्यापासून नऊ फुटांहून जास्त कललंय. बरेच जण ओल्या लाकडाला दोष देतात. मला ते अर्धंच उत्तर वाटतं, कारण त्या काळी ओलं ओक वापरणं ही सर्रास पद्धत होती. लाकूड वाळताना आकसतं, पण आत पुरेसे आडवे-तिरपे आधार असते तर सांगाडा तगला असता. इथे ते कमी पडले आणि वर ३३ टन शिसं! शिवाय दक्षिणेकडचं शिसं उन्हाने जास्त तापतं आणि जास्त प्रसरण पावतं, ही आणखी एक भर.

आणि शिखराचा एखादा फोटो मोठा करून बघाच: पत्रे तिरपे, माशाच्या काट्यासारखे बसवलेत. त्यामुळे पीळ आहे त्याहून जास्त भासतो.

प्लेगमध्ये कसबी सुतार मेले म्हणून काम कच्चं राहिलं, असंही सांगतात. तो अंदाज आहे, पुरावा नव्हे. १९६१ च्या डिसेंबरात चर्चला आग लागली, जुन्या ऑर्गनचा बराचसा भाग जळाला, पण शिखर वाचलं.